डिकॉक्शन नेमके कुठे बिघडते?

प्रश्न : गेल्या महिन्यात मी एकावर एक बसणाऱ्या दोन भांड्यांचा, स्टीलचा दोन कपांचा कॉफी फिल्टर आणि सोबत पाकीटबंद कॉफी पूड आणली. पहिल्या दिवशी पाणी ओतल्याबरोबर दोन-तीन मिनिटांत सगळे खाली उतरले आणि कॉफी पांचट लागली. दुसऱ्या दिवशी पुडीवर ठेवायची दांडीची भोकांची चकती घट्ट दाबून बसवली, तर तासाभरानेही खालच्या भांड्यात जेमतेम चार चमचे डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, जमले होते. ते दुधात घालून नेहमीप्रमाणे उकळले, तर चव कडवट झाली. आमच्या घरी आजवर जायफळ घालून उकळलेली कॉफीच होत आली आहे, त्यामुळे विचारावे असे घरात कोणी नाही. माझे कुठे चुकते आहे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण दोन्ही दिवसांचे वर्णन इतके नेमके केले आहे की निदान सोपे झाले. पहिल्या दिवशी पूड सैल होती आणि पाणी बहुधा एकाच जागी धारेने पडले. अशा वेळी पाणी पुडीतून आपली वाट करून घेते आणि त्या एकाच वाटेने निघून जाते. पुढच्या वेळी असे झाले तर वरचे भांडे उघडून पाहा; मध्ये किंवा एका कडेला खळगा पडलेला असेल आणि त्याच्या शेजारची पूड बोटाला चक्क कोरडी लागेल. दुसऱ्या दिवशी नेमके उलट झाले. दाबलेल्या पुडीतले बारीक कण वरच्या भांड्याच्या तळाच्या भोकांवर जाऊन बसले आणि पाणी अडले.

चकती किती दाबायची हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याआधी दळण पाहायला हवे. चिमूटभर पूड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळा. ती बारीक रव्यापेक्षा थोडी अधिक बारीक, तरीही बोटांना कण जाणवतील अशी असली पाहिजे. मैद्यासारखी बोटांच्या रेषांत भरत असेल तर ती फिल्टर तुंबवणारच, आणि जाड रव्यासारखी असेल तर चकती कितीही दाबली तरी डिकॉक्शन पातळच राहील. म्हणूनच, शक्य असेल तेव्हा बिया समोर दळून देणाऱ्या दुकानातून, फिल्टरसाठी हवी असे स्पष्ट सांगून, शंभर-दोनशे ग्रॅमच कॉफी घ्यावी. मुंबईत माटुंग्याला अशी दुकाने आहेत, आणि आता बहुतेक मोठ्या शहरांत शोधल्यास सापडतात. दळलेली कॉफी भाजलेल्या बियांच्या मानाने फार लवकर शिळी होते. पंधरा दिवसांनी तिचा वास उतरलेला आपल्याला सहज कळेल. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि तो मसाल्यांच्या कप्प्यात ठेवू नये, कारण कॉफी शेजारचे वास पटकन ओढून घेते.

आता कृती. दोन पेल्यांसाठी साधारण २० ग्रॅम पूड आणि १२० मिलिलिटर पाणी घ्यावे. वरचे भांडे पूर्ण कोरडे करून त्यात पूड घाला, भांडे ओट्यावर हलकेच दोनदा आपटून ती सपाट करा आणि चकती नुसती टेकवा; दांडीच्या स्वतःच्या वजनाहून फारसा अधिक भार नको. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि आधी फक्त पूड भिजेल इतकेच पाणी गोल फिरवत घाला. ताजी कॉफी या क्षणी फुगते, कारण भाजताना बियांत अडकलेला वायू बाहेर पडतो. तो निघून जायला अर्धा मिनिट द्या, मग उरलेले पाणी सावकाश ओतून झाकण लावा. वीस मिनिटांच्या आसपास डिकॉक्शन उतरते. पूड आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी स्वतःकडेच ठेवते, त्यामुळे हाती ऐंशी मिलिलिटरच्या आसपास आले तर ते कमी समजू नये.

एक बारीकशी अडचण मला स्वतःला बरेच दिवस उमगली नव्हती. काही फिल्टरची दोन्ही भांडी एकमेकांत इतकी घट्ट बसतात की खालची हवा कोंडते आणि थेंब पडायचे थांबतात. वरचे भांडे किंचित उचलून पुन्हा ठेवले की थेंब लगेच सुरू होतात.

शेवटचा मुद्दा उकळण्याचा, आणि या बाबतीत मी आग्रही आहे. डिकॉक्शन पुन्हा गॅसवर चढवू नये. पुडीतून सुगंधी आणि आंबट घटक आधी उतरतात, गोडसर त्यामागून आणि कडू सर्वांत शेवटी. फिल्टरने हा क्रम सांभाळून दिलेला अर्क उकळला की सुगंध वाफेबरोबर जातो आणि कडूपणा तेवढा मागे राहतो. सायीचे दूध वेगळे कडकडीत तापवा, पेल्यात आधी डिकॉक्शन आणि साखर घाला, वरून दूध ओता आणि दोन भांड्यांत वर-खाली करा. जायफळाची कॉफी मात्र निराळी. ती मुळातच दुधात उकळायची, दाट, रात्रीच्या जेवणानंतरची. तिथे जायफळ आणि दुधाची आटलेली गोडी हीच चव असते. ती सोडू नका, फक्त फिल्टरच्या कॉफीला तिचे नियम लावू नका.

प्रश्न : दुकानात ‘प्लांटेशन ए’, ‘पीबेरी’, ‘रोबस्टा चेरी’ अशी नावे आणि ‘ऐंशी-वीस’ असे आकडे लिहिलेले असतात. यांचा अर्थ काय? चिकोरी ही भेसळ समजावी का? – एक वाचक, अमरावती

उत्तर : ‘प्लांटेशन’ म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका जातीची कॉफी, ‘ए’ हा दाण्याच्या आकारावरून ठरणारा दर्जा. ‘चेरी’ म्हणजे अख्खे फळ उन्हात वाळवून काढलेली बी. एरवी फळात एका बाजूने सपाट अशा दोन बिया असतात. एकच वाढली तर ती गोल होते, तिला पीबेरी म्हणतात. अरेबिकाचा सुगंध नाजूक असतो, तर रोबस्टा ही दुसरी जात दाट, कडवट आणि जवळपास दुप्पट कॅफीनची असते. दुधाच्या कॉफीत थोडी रोबस्टा असलेली मला आवडते, कारण दुधात तिची चव हरवत नाही. भारतातील बहुतांश कॉफी कर्नाटकातून येते, पण आपल्या जिल्ह्यातील चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडे आहेत. तिकडे गेलात तर ती अवश्य पाहा.

‘ऐंशी-वीस’ म्हणजे ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी. चिकोरी हे त्याच नावाच्या वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ आहे. त्यात कॅफीन नसते, पण रंग आणि दाटपणा येतो. प्रमाण छापून विकलेली चिकोरी भेसळ नव्हे. अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी असा नियमच आहे. आपण आधी शुद्ध कॉफी आणि मग ऐंशी-वीस अशी दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम आणून एकाच आठवड्यात पिऊन पाहा.

प्रश्न : बिया घरीच मिक्सरमध्ये दळल्या तर चालेल का, की महागडे यंत्रच घ्यावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : मिक्सरची पाती बिया दळत नाहीत, फोडतात, त्यामुळे एकाच वेळी पिठी आणि भरड दोन्ही हाती येते. पिठी कडू उतरते, भरड आंबट, आणि एकाच पेल्यात दोन्ही दोष एकत्र येतात. नाइलाज असेल तर बटण थांबत-थांबत दाबा, भांडे हलवत राहा आणि चहाच्या बारीक गाळणीतून वरची धूळ झाडून टाका. खर्च करायचाच असेल तर कॉफी बनवणाऱ्या यंत्राऐवजी जात्यासारख्या दोन चाकांमध्ये बी दळणारा हातग्राइंडर घ्या. पाणी बोअरचे, जड असेल तर तेही बदलून पाहा. जड पाण्यात कॉफीचा आंबटपणा दबतो आणि चव सपाट होते. नळाचे गाळलेले पाणी बहुतेक घरांत पुरेसे चांगले असते.