कंपन्यांच्या बेजबाबदारपणावरचे माहितीपट बघून रडू येतं. ही भावनिक फसवणूक समजायची का?

रडू आलं म्हणजे फसवलं, असं मी तरी म्हणणार नाही. युनियन कार्बाइडनं भोपाळच्या वायुकांडासाठी १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली. आकडा नुसता ऐकला की केवढा मोठा वाटतो! तोच एखाद्या वायुपीडित घराच्या उंबऱ्यात ठेवला की किती तोकडा आहे ते कळतं. तिथं भावना लागतेच, नाहीतर तो पंचनामा होईल.

गडबड होते ती घटनांच्या क्रमात आणि गैरसोयीच्या गोष्टी गाळण्यात. अमेरिकी दिग्दर्शक मायकल मूर यांचा १९८९ चा माहितीपट 'रॉजर अँड मी' घ्या. जनरल मोटर्स या मोटार कंपनीनं अमेरिकेतल्या फ्लिंट शहरातले कारखाने बंद केले, माणसं देशोधडीला लागली, हे खरंच. पण त्यात 'ऑटोवर्ल्ड' हे करमणूक केंद्र जणू त्या संकटावरचा उपाय म्हणून नंतर येतं. प्रत्यक्षात ते १९८४ ला उघडलं होतं आणि कारखाने बंद करायची मोठी घोषणा १९८६ ची. कंपनीचा दोष यानं कमी होत नाही. मात्र तिच्या वकिलाला बोट ठेवायला आयती जागा मिळते.

गाळण्याचं उदाहरण आमच्या कोल्हापुरातच आहे. पंचगंगेवर कुणी ना कुणी कॅमेरा घेऊन उतरतंच. मेलेले मासे, फेस, मागं साखर कारखान्याची चिमणी आणि पार्श्वसंगीताला सारंगी. कारखान्यांचं, इचलकरंजीच्या कापड-प्रोसेसचं पाणी नदीत जातं, त्यात वाद नाही. पण जयंती नाल्यातून शहराचं मैलापाणीही त्याच नदीला मिळतं. ते अशा फिल्ममध्ये आलंच तर ओझरतं. चिमणीला मालक असतो, त्याच्यावर राग काढता येतो. नाला सुरू होतो बघणाऱ्याच्याच मोरीपासून, मग टाळ्या कोण वाजवणार? असला भाग एकदा आवाज बंद करून बघा. सारंगी गेल्यावर पुरावा किती उरतो ते लगेच दिसतं.

आणि ही युक्ती फक्त विरोधकांची नाही बरं का. कंपन्यांच्या स्वतःच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, फिल्म बघा: नवं दप्तर, हसणारी पोरगी, वरून ड्रोन, 'समाजाचं ऋण' वगैरे. ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्चावीच लागते, २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ तसं सांगतं. निवेदक हे सांगत नाही. स्वतःचं सांडपाणी शुद्ध करणं तर त्या २ टक्क्यांत धरताच येत नाही, तो धंद्याचाच खर्च. त्यामुळं दप्तरावर फिल्म निघते आणि ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेवर, निघत नाही.