मागच्या चित्राला विचार

पोरी,

राखाडी-गुलाबी मालिका खपली म्हणून गॅलरी तशीच आणखी दहा मागतेय आणि तुझ्या हातून मात्र काळी चित्रं होताहेत. वर कुणीतरी सुनावलं की तुझी शैलीच अजून ठरलेली नाही. आता काय करू, असं मला विचारतेस. मला कशाला? मागच्या चित्राला विचार.

टाळतोय असं समजू नकोस. चित्रकार वासुदेव गायतोंडे बघ. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडले तेव्हा माणसं काढत होते, लघुचित्रांतली रेषा आणि सपाट रंग घोळवत होते. मग युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकाराची चित्रं मनात शिरली, माणसं रेषेत विरत गेली आणि पन्नासचं दशक संपता संपता दिसेनाशी झाली. १९६४ मध्ये ते रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, म्हणून सगळं श्रेय तिकडच्या चित्रकारांना देणारे भेटतात. फार चिडतो मी. आकृती इथेच, मुंबईत सुटली होती! पुढे रोलर आला, पॅलेट नाइफ, म्हणजे रंग लावायची-खरवडायची पाती, आली. थर द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा. वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हास. १९८४ च्या अपघातानंतर मोठं काम थांबलं, तर कागदावर शाईने लहान चित्रं केली. प्रत्येक वळण आधीच्या कामातून निघालेलं. २०१३ मध्ये त्यांच्या एका चित्राला लिलावात २३.७ कोटी मिळाले; ते जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. हा आकडा तुझ्या गॅलरीवाल्याला पाठ असेल. वर्षाला पाच-सहा, हा दुसरा आकडाही त्याला सांग.

तू म्हणशील, मग चित्रकार रझांचं काय, त्यांनी बिंदूच, ते मोठं काळं वर्तुळ, धरून ठेवला. अगं, १९५० मध्ये पॅरिसला गेल्यावर जवळजवळ तीस वर्षं निसर्गचित्रं करत, ती मोडत, रंगाच्या फटकाऱ्यांतून तो माणूस बिंदूपाशी पोचला. तो कमावलेला होता. नंतरचे काही बिंदू मला नुसते नेटके वाटतात, पण ते माझं मत.

तुझ्या वयात मलाही निळ्याची मागणी होती. मी नाही म्हटलं आणि पुढची कितीतरी वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना स्थिरचित्र शिकवलं. घर बायकोच्या पगारावर चाललं. मुलीला हवं ते कॉलेज परवडलं नाही, ते अजून सलतं. नातेवाईक याला हेकटपणा म्हणतात. म्हणोत. ती निळी चित्रं करत राहिलो असतो तर घर मोठं झालं असतं, पण रोज सकाळी स्टुडिओचं कुलूप काढायला माझे पाय वळले नसते. आजही वळतात. हे मी तुला सांगतोय की स्वतःला, कोण जाणे.

तर विचारायचं कसं? मालिकेतलं शेवटचं चित्र समोर लाव आणि शोध, कोणती जागा सवयीने भरलीस, कुठे घाबरून लवकर थांबलीस. पुढचं चित्र तिथून निघतं. तू पाठवलेले फोटो मी नीट पाहिले. काळं कुठून आलं म्हणून घाबरतेस? तिसऱ्या चित्रात खाली डाव्या कोपऱ्यात ते होतंच. तूच वरून गुलाबी फिरवलंस, आणि तेही खालचा थर ओला असताना. म्हणून तिथे चिखल झालाय. बाजाराला विचारू नकोस, इन्स्टाग्रामला तर नकोच, आणि शैली-शैली करणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लाव. मागच्या चित्राला विचार. उत्तर आवडणार नाही कदाचित.

गॅलरीला या आठवड्यातच नकार कळव, सभ्य शब्दांत. भांडू नकोस, पुढे काळीही दाखवायची आहेत. भाड्याची अडचण असेल तर माझ्या रविवारच्या वर्गाला कुणीतरी हवंच आहे. मानधन फार नाही. मुलं पोस्टर कलर सांडतात आणि पालक मार्कांचं विचारतात. जमणार असेल तर शनिवारी फोन कर.