फ्रान्समधलं नव-शापेल हे गाव कसं आहे? भारतीय स्मारकाशिवाय तिथे बघण्यासारखं काही आहे का?

तुम्ही लिहिलंय की पॅरिसला येणार आहात, नव-शापेलच्या, पहिल्या महायुद्धातल्या भारतीय जवानांच्या स्मारकाबद्दल कुठेतरी ऐकलंय, पण गाव कुठे आहे, किती वस्तीचं आहे आणि स्मारक सोडून तिथे काय आहे हे नीट कळत नाही. मी काही वर्षांपासून उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात राहतो. तिथून हे गाव गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. दर मार्चला मी तिकडे एक चक्कर मारतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नावापासूनच सुरू करू. फ्रेंचमधला ‘नव’ आणि आपला ‘नव’ एकाच मुळातले, अर्थही तोच. शापेल म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर. म्हणजे ‘नवं देऊळ’ असंच गावाचं नाव झालं. गाव उत्तर फ्रान्समधल्या पा-द-काले जिल्ह्यात, बेथ्यून आणि लील यांच्या मधे आहे. वस्ती हजार ते दीड हजारांच्या दरम्यान. आपल्या ग्रामपंचायतीसारखाच इथे कम्यून हा सगळ्यात खालचा घटक असतो आणि एवढ्याशा गावालाही स्वतःचा महापौर असतो. लाल विटांची घरं, चर्च, शाळा, आणि चारी बाजूंनी गहू, बटाटा, बीट यांची शेतं. पाटी चुकली तर गाव कधी मागे गेलं ते कळतही नाही.

जुनं काही बघायला मिळेल या आशेने मात्र जाऊ नका. पहिल्या महायुद्धात हे गाव जमीनदोस्त झालं. आज दिसतं ते सगळं 1918 नंतर बांधलेलं. गावाचा खरा वारसा त्याच्या जमिनीत आहे, आणि ती जमीन समजली नाही तर स्मारकही नीट समजत नाही, असं मला मनापासून वाटतं.

ही जमीन लिस नदीच्या खोऱ्यातली, समुद्रसपाटीपासून जेमतेम वीसेक मीटर उंचीवर, परातीसारखी सपाट. चिकणमाती आणि पाणी अगदी वर. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेताच्या कडेने दहा पावलं चाललो आणि बूट घोट्यापर्यंत रुतले. पाय उपसून काढला तर त्या खड्ड्यात बघता बघता पाणी जमलं. इथे माणसाच्या उंचीचा खंदक खणणं शक्यच नव्हतं. म्हणून सैनिक खाली गुडघाभर चर खणायचे आणि वर मातीच्या पोत्यांचा बांध रचायचे. आपल्याकडचे जवान ब्रिटिशांच्या बाजूने 1914चा हिवाळा त्या गार पाण्यात उभे राहून लढले. भारतातून आलेल्या तुकड्या सप्टेंबरअखेरीस मार्सेयला उतरू लागल्या होत्या आणि महिन्याभरात या चिखलात पोचल्या होत्या.

गावाच्या पूर्वेला ओबेरचा चढ आहे. आपण सह्याद्रीची माणसं, त्याला टेकाडसुद्धा म्हणणार नाही. पण इतक्या सपाट मुलखात तेवढ्या उंचीवरूनही सगळं दिसतं, आणि तिथे जर्मन होते. तो चढ घेण्यासाठीच ब्रिटिशांनी 10 मार्च 1915ला नव-शापेलची लढाई सुरू केली. सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या, 35 मिनिटं चालल्या आणि 8 वाजून 5 मिनिटांनी पायदळ निघालं. विमानातून काढलेल्या फोटोंवरून आधी नकाशे केले होते, ही तेव्हा नवीन गोष्ट होती. गाव सकाळीच हाती आलं. मग टेलिफोनच्या तारा तुटल्या, निरोप वेळेवर पोचेनात, कुमक रखडली आणि तेवढ्यात जर्मनांनी नवी फळी उभी केली. 13 मार्चपर्यंत ब्रिटिश बाजूचे 11,000हून जास्त जवान मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यांत 4,000हून जास्त भारतीय होते. हाती आली साधारण दोन किलोमीटर रुंद आणि एक किलोमीटर खोल जमीन. चढ जर्मनांकडेच राहिला. पहिल्याच दिवशी गढवाल रायफल्सचे गबर सिंह नेगी जर्मन खंदकात शिरून वळणावळणाने शत्रूला मागे रेटत गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आपल्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाची तारीख वाटते 28 ऑक्टोबर 1914. त्या दिवशी याच गावावर 47व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्यांनी हल्ला केला. हे सॅपर्स खडकीचे, म्हणजे आजचे बॉम्बे सॅपर्स. पूल बांधणं, रस्ते करणं, सुरुंग लावणं हे त्यांचं काम. माणसं कमी पडली म्हणून त्यांना पायदळासारखं संगिनी लावून पुढे पाठवलं. घराघरातून हातघाई करत ते गावात घुसले, पण मागून मदत आली नाही आणि परत फिरावं लागलं. त्यांचे बहुतेक इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले. माझं लहानपण खडकीत गेलं. सॅपर्सच्या फाटकावरून रोज शाळेत जायचो, पण या गावाचं नाव तिथे असताना एकदाही कानावर आलं नाही. इथे येऊन ते कळलं तेव्हा खूप वाईट वाटलं.

आता स्मारक. गावापासून पाऊण किलोमीटरवर, ला बाँब नावाच्या चौकात, रिशबूर गावाच्या हद्दीला लागून ते आहे. हर्बर्ट बेकर या वास्तुविशारदाने केलं आणि 7 ऑक्टोबर 1927ला खुलं झालं. गोल आवार आहे, पुढच्या अर्ध्या भागाला दगडी जाळी, प्राचीन स्तूपांच्या कठड्याची आठवण देणारी. मधे अशोकस्तंभावरून सुचलेला जवळजवळ 15 मीटर उंच खांब, दोन बाजूंना दोन वाघ. खांबाच्या खालच्या भागात देव एक आहे अशा आशयाचा मजकूर चार लिपींत कोरलाय, त्यांत देवनागरीही आहे. फ्रान्सच्या बटाट्याच्या शेतात, पावसाने ओल्या झालेल्या दगडावर ती अक्षरं दिसली आणि मी हात लावून उभाच राहिलो. मागच्या अर्ध्या भिंतीवर 4,700हून जास्त नावं आहेत, ज्यांची कबर कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही अशांची. गावात राहतात त्याच्या तिपटीहून जास्त. नावं पलटणीनुसार आहेत, तेव्हा सॅपर्स अँड मायनर्सचा भाग शोधायला फार वेळ लागत नाही.

रस्ता ओलांडला की पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे, 1,800हून जास्त थडगी. 1918च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी याच पट्ट्यात ब्रिटिशांच्या बाजूने लढणारी पोर्तुगीज फळी फोडली. नव-शापेलच्या वाटेवर तेव्हा एक क्रूस होता. तोफगोळ्यांनी मोडलेली त्यावरची ख्रिस्तमूर्ती फ्रान्सने 1958मध्ये पोर्तुगालला दिली. आज ती बाताल्याच्या मठात अज्ञात सैनिकाच्या थडग्यापाशी आहे. या गावातली सगळ्यात जुनी वस्तू बहुधा अशी गावाबाहेर, दुसऱ्याच देशात आहे. भारतीय स्मारक आणि ही दफनभूमी 2023मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आली.

जमीन अजूनही गप्प बसलेली नाही. नांगरणीत तोफगोळे वर येतात आणि शेतकरी सरकारी पथकाला कळवतात. बांधाला गंजकं लोखंड पडलेलं दिसलं तर कृपा करून हात लावू नका. 2016मध्ये रिशबूरच्या बाजूला खोदकाम करताना गढवाल रायफल्सच्या दोन जवानांचे अवशेष सापडले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जवळच्या लावंती सैनिकी दफनभूमीत त्यांना निरोप दिला गेला.

पॅरिसहून लील वेगवान रेल्वेने तासाभरावर आहे. तिथून गाडी भाड्याने घ्या, बसच्या भरवशावर राहू नका. आधी गावात उतरा, चर्चपासून चौकापर्यंत चालत जा, डावीकडे पूर्वेला ओबेरचा चढ नजरेने शोधा, मग स्मारकात शिरा. चिखलाचे बूट घाला. आणि सॅपर्सच्या नावांपाशी थोडा वेळ थांबलात तर खडकीचा एक माणूस तुमचे आभार मानेल.