इराकमध्ये अमेरिका जिंकली की हरली?

तुमचा प्रश्न असा, की बगदाद तीन आठवड्यांत पडलं, सद्दाम फासावर गेला, तरी अमेरिका इराकमध्ये हरली असं लोक का म्हणतात?

सद्दामला हटवण्याची लढाई अमेरिकेने जिंकली, त्यात वादच नाही. पण युद्ध जिंकलं की नाही हे सांगायला ते कशासाठी केलं हे पक्कं हवं. सगळी गोची तिथेच आहे.

1991 चं युद्ध आठवा. उद्देश एकच, इराकी सैन्याला कुवेतबाहेर काढणं. जमिनीवरची लढाई शंभर तास चालली, कुवेत मोकळं झालं आणि तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष थोरल्या बुशनी हात आवरता घेतला. बगदादपर्यंत जायला हवं होतं अशी कुरकुर नंतर खूप झाली. पण जिंकलं कोण, यावर (एक सद्दाम सोडला तर) फारसं कुणी भांडलं नाही.

2003 मध्ये इराकवर हल्ला करताना मुख्य कारण दिलं सद्दामकडच्या महासंहारक शस्त्रांचं. ती सापडलीच नाहीत. शोधायला पाठवलेल्या अमेरिकी पथकानेच 2004 मध्ये तसा अहवाल दिला. मग लोकशाही पुढे आली, मग दहशतवाद्यांशी लढा, मग इराकी सैन्य पुन्हा उभं करणं. आणि ते सैन्य मोडलं कुणी? अमेरिकेनेच इराकचे प्रशासक म्हणून नेमलेल्या पॉल ब्रेमर यांनी, मे 2003 मध्ये, एका आदेशाने! शस्त्रं चालवता येणारे लाखो लोक एका फटक्यात बेकार झाले. त्याच महिन्याच्या 1 तारखेला आता अध्यक्ष असलेले धाकटे बुश विमानवाहू जहाजावर भाषण करत होते आणि मागे 'मोहीम फत्ते' अशा अर्थाचा फलक झळकत होता.

खुद्द वॉशिंग्टनचाच गोंधळ पाहायचा तर 2006 ची अखेर पाहा. ऑक्टोबरमध्ये बुश पत्रकारांना म्हणाले, आपण नक्कीच जिंकतोय. 5 डिसेंबरला, त्यांनीच संरक्षणमंत्रिपदासाठी निवडलेल्या रॉबर्ट गेट्सना सिनेटच्या समितीने हाच प्रश्न विचारला. उत्तर आलं, "नाही, सर." दोन आठवड्यांत बुशही म्हणू लागले, जिंकत नाही आहोत, हरतही नाही आहोत.

2007 मध्ये बुशनी इराकमध्ये जादा सैन्याची कुमक पाठवली, तिचा दाखला युद्धाचे समर्थक नेहमी देतात, आणि तो दाखला अगदीच पोकळ नाही. हिंसाचार खरोखर खूप कमी झाला. पण ती कुमक शिया, सुन्नी आणि कुर्द नेत्यांना समेटासाठी उसंत मिळावी म्हणून पाठवली होती. समेट काही टिकला नाही. अमेरिकी सैन्य 2011 च्या डिसेंबरात बाहेर पडलं, आणि जून 2014 मध्ये मोसुल हे मोठं शहर आयसिस या दहशतवादी संघटनेच्या हाती गेलं. अमेरिकेने उभं केलेलं इराकी सैन्य तिथून पळत सुटलं.

इराकच्या कुर्द भागातल्या हलब्जात 1988 मध्ये सद्दामच्या विषारी वायूने ज्यांची माणसं मारली, त्या कुर्दांना त्याचं जाणं हा विजयच वाटणार, आणि त्यांना नाही म्हणायचा मला अधिकार नाही. पण तुम्ही विचारलंय अमेरिकेबद्दल. तिचे साडेचार हजारांच्या आसपास सैनिक मेले, इराकी नागरिक लाखाच्या वर. माझ्या मते ती हरली. जिंकलं कोण, असं विचाराल तर मी इराणचं नाव घेईन. जो सद्दाम आठ वर्षं लढूनही इराणला हटवता आला नाही, तो अमेरिकेने हटवून दिला. आणि 2006 मध्ये पंतप्रधान झालेल्या नूरी अल-मालिकींनी त्याच सद्दामच्या भीतीने परागंदा होऊन काही वर्षं इराणमध्येच काढली होती.