ससा स्वतःच्याच लेंड्या खातोय? कॉलर अजिबात नको

‘रात्री ससा पोटाखाली तोंड घालून लेंडी खातो, घाण सवय लागलीय, कॉलर घालू का?’ ही तुमची पोस्ट वाचली आणि आमचा ससा चिकू आठवला. नका घालू. खाऊ द्या त्याला.

ट्रेमधल्या कोरड्या गोल लेंड्या वेगळ्या. सशाच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला भलीमोठी पिशवी असते, तिथे जंतू चारा आंबवतात. त्याचे मऊ, चकचकीत गोळे द्राक्षाच्या घडासारखे बाहेर येतात आणि ससा ते थेट गुदद्वारातूनच तोंडात घेतो. म्हणून ट्रे कितीही घासा, फरक शून्य. प्रथिनं, ब आणि के जीवनसत्त्वं त्यातून मिळतात. येऊरच्या जंगलातले शेणकिडे दुसऱ्याच्या शेणावर जगतात, हा स्वतःचंच दुसऱ्यांदा पचवतो, एवढंच.

आम्ही घोडबंदर रोडला असताना एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही) त्याला अशीच कॉलर, म्हणजे कुत्र्याच्या गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा भोंगा, चढवली. जंताचं औषध दिलं आणि वर जीवनसत्त्वांचं टॉनिक! म्हणजे आयती मिळणारी बंद करायची आणि बाटलीतली विकायची. चिकू वाळत गेला, मागची केसं चिकटून गोळा झाली, गवताकडे बघेना. फोन केला की एकच पालुपद: ‘काढू नका, सवय मोडेल.’ ससे नेहमी बघणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांनी भोंगा आधी काढला, मग सगळी हकीगत ऐकून घेतली. त्या पहिल्या बिलाचा राग अजून जात नाही.

मी डॉक्टर नाही, तुमच्या सशाचं वेगळं असू शकतं. पण मऊ गोळे न खाता नुसते पडून राहत असतील तर आधी बिस्किटं, केळं, गाजर बंद करा, पेलेट (दाबून केलेलं तयार खाद्य) कमी करा आणि गवत भरपूर ठेवा. जाड सशाचं किंवा पाठ दुखणाऱ्याचं तोंडच तिथवर पोहोचत नाही, तेही बघून घ्या. पावसाळ्यात आपल्या ठाण्यात गवताला बुरशी धरते, मोठी गोणी भरून ठेवू नका. आणि बारा तास खाणं किंवा लेंडी बंद असेल तर इथे उत्तराची वाट न बघता डॉक्टर गाठा. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर ‘सशाला चालतं का?’ हे तिथेच विचारा, कारण त्याने पोटातले चांगले जंतू मरून ससा दगावू शकतो.