शंका-समाधान : वुडन यांचा प्रेस, सराव आणि मोजे

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला अमेरिकन प्रशिक्षक जॉन वुडन यांचा २-२-१ प्रेस शिकवतो आहे, पण समोरचे दोन पासमध्ये तो फोडतात. चुकतं कुठे?
– क्रीडाशिक्षक, नाशिक

उत्तर : प्रेस म्हणजे समोरच्यांना चेंडू पुढे आणताना कोर्टभर अडवणं; २-२-१ मध्ये पुढे दोन, मग दोन आणि शेवटी एक गडी. चुकतं बहुतेकदा पुढच्या जोडीचं. चेंडू हिसकावण्याच्या नादात दोघंही झेप घेतात आणि मधली वाट मोकळी पडते. वुडन यांचा हेतू चेंडू हिसकावण्याचा नव्हताच. १९६४ मध्ये अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलला शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट मारण्याची सक्ती) नव्हता, त्यामुळे चेंडू धरून खेळ थंड करणाऱ्यांना पळायला लावणं हे प्रेसचं पहिलं काम. चेंडू मिळाला तर वरकमाई.

वुडन यांच्या यूसीएलएच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) त्या संघात पुढे गेल गुडरिच आणि फ्रेड स्लॉटर, मागे वॉल्ट हॅझर्ड आणि जॅक हर्श, शेवटी एकटा कीथ एरिक्सन. स्लॉटर सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी) असूनही पुढे, हे लक्षात घ्या. प्रेस आपली बास्केट झाल्यावरच लावा; शॉट चुकला की पाचही जण जागेवर पोचत नाहीत. पहिला पास आत येऊ द्या, फक्त तो कोपऱ्याकडे वळवा. चेंडूवाल्याला साइडलाइनने पुढे जाऊ द्या, मधून नाही. मध्यरेषेच्या अलीकडे त्याच बाजूचा दुसऱ्या ओळीतला गडी पुढे येऊन सापळा लावेल, म्हणजे पुढच्या जोडीतल्या गड्यासह चेंडूवाल्याला घेरेल. हात वर, चेंडूवर झडप नाही, नाहीतर फाऊल ठरलेला.

आता खरी गोम. सापळा लागताक्षणी पलीकडचा पुढचा गडी मध्यात आला पाहिजे, शेवटचा चेंडूच्या बाजूच्या साइडलाइनकडे सरकला पाहिजे आणि पलीकडचा दुसऱ्या ओळीतला बास्केट राखायला मागे गेला पाहिजे. हे तिघं एकदम हलले नाहीत तर सापळ्यातून निघालेला पास मोकळ्या माणसालाच मिळतो. आधी चेंडूशिवाय, चालत-चालत हे हलणं बसवा. आजच्या फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमात मध्यरेषा ओलांडायला ८ सेकंद मिळतात. त्यातले सहा खाल्ले तरी प्रेसने काम केलं.

प्रश्न : दहा विजेतेपदं मिळवणाऱ्या कोचला पहिल्यासाठी इतकी वर्षं का लागली?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : वुडन १९४८ मध्ये यूसीएलएत आले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ मध्ये, म्हणजे सोळाव्या हंगामात. त्याआधी अकरा वर्षं शाळेत आणि दोन वर्षं इंडियाना स्टेटमध्ये प्रशिक्षण झालेलं. मधल्या काळात पश्चिम किनाऱ्यावरच सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाकडे बिल रसेलसारखा खेळाडू होता आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संघाला पीट न्यूएल प्रशिक्षक होते. सरावाची जागाही तिसऱ्या मजल्यावरचं कोंदट जिम, कुस्तीगीर आणि जिम्नॅस्टांबरोबर वाटून घेतलेलं. पण दोन विजेतेपदं यूसीएलएचं नवं स्टेडियम, पॉली पॅव्हिलियन, उघडण्याआधीचीच, तेव्हा सगळा दोष जिमवर टाकता येत नाही. प्रेस लावायचा आग्रह सहायक जेरी नॉर्मन यांचा. १९६४ च्या अंतिम सामन्यात याच प्रेसच्या जोरावर ड्यूकविरुद्ध सलग १६ गुण आले आणि निकाल लागला ९८-८३.

प्रश्न : सराव दोन तासांत कसा बसवायचा? आमचा तीन तास चालूनही अपुरा पडतो.
– वाचक, पुणे

उत्तर : वुडन सरावाइतकाच वेळ आखणीला देत. कार्डावर मिनिटांसकट वेळापत्रक असे आणि ते सहायकांच्याही हातात असे. तुमच्याकडे बहुधा रांगेत उभं राहण्यात वेळ जातो. बारा जणांना एका बास्केटवर ठेवू नका, ड्रिल पाच ते दहा मिनिटांचे ठेवा आणि वेळ संपली की ते अर्धवट असलं तरी थांबवा. दोन संशोधकांनी १९७४-७५ च्या हंगामात वुडन यांचे १५ सराव टिपले : बोलण्यातला सुमारे ७५ टक्के भाग निव्वळ सूचनांचा होता. भाषणं नाहीत.

प्रश्न : वुडन खेळाडूंना मोजे घालायला शिकवायचे, हे खरं का?
– वाचक, पणजी

उत्तर : खरं, आणि दरवर्षी पहिल्याच दिवशी. करंगळी आणि टाचेपाशी सुरकुती राहिली की फोड येतो. म्हणून मोजा ओढून धरूनच बूट चढवायचा, नाडी खालच्या भोकापासून एकेक करत आवळायची आणि शेवटी दुहेरी गाठ.