पन्नास हजारांचा क्लास की जुना लॅपटॉप?

प्रश्न : मुलगा बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला लिनक्स अ‍ॅडमिन व्हायचंय. दादरच्या एका क्लासने सहा महिन्यांचे ५०,००० रुपये सांगितलेत, 'नोकरीची १०० टक्के हमी' म्हणतात. मिस्टर नुकतेच रिटायर झालेत. पैसे भरावेत का? – एक आई, भांडुप

ताई, एवढ्यात भरू नका. हमीच्या त्या ओळीखाली तुम्ही दोनदा रेघ मारली आहे. मी ती सोडून बाकीचं पत्र वाचलं.

लिनक्स, म्हणजे विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. त्यावर चालणारे सर्व्हर, म्हणजे इतरांना सेवा देणारी मोठी मशीन, सांभाळतो तो अ‍ॅडमिन. १९९१ मध्ये लायनस टोरवाल्ड्सने ते लिहायला घेतलं, तेव्हा तोही हेलसिंकीत शिकतच होता. चिरंजीवांना ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरेल. त्यावर डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार टाकायचा, तोही डेस्कटॉपशिवाय, म्हणजे आयकॉन-खिडक्यांशिवाय. समोर नुसती काळी स्क्रीन. सर्व्हरवर बहुतेक वेळा तीच दिसते, तेव्हा सवय आतापासूनच लागू दे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, विनामूल्य.

कमांड पाठ करणारी मुलं मी खूप पाहिली. मुलाखतीत मात्र असं विचारतात : डिस्क भरली म्हणून तू ४० जीबीची लॉग फाइल (प्रोग्रॅम आपल्या कामाची नोंद ठेवतो ती) उडवलीस, तरी डिस्क भरलेलीच दिसते. का?

इथे भलेभले गप्प होतात. आपल्या चाळीतलं उदाहरण घ्या. दारावरची पाटी काढली म्हणून खोली रिकामी होत नाही, भाडेकरू आत बसलेलाच असतो. लिनक्समध्ये फाइलचं नाव म्हणजे ती पाटी. डिलीट केल्यावर फक्त पाटी निघते. एखाद्या प्रोग्रॅमने ती फाइल उघडी धरून ठेवली असेल, तर तो सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. म्हणून अख्ख्या डिस्कचा हिशेब देणारी 'डीएफ' कमांड डिस्क भरलेली दाखवते आणि 'डीयू' कमांड फायलींची बेरीज कमी दाखवते. कोण अडून बसलंय ते 'एलएसओएफ' कमांड सांगते. ती सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा तो प्रोग्रॅम, रीस्टार्ट केली की खोली सुटते. हे घरच्या लॅपटॉपवर एकदा मुद्दाम घडवून पाहिलं की जन्मात विसरत नाही.

परमिशनचंही तसंच, म्हणजे फाइलला कोण हात लावू शकतो त्याचं. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. यांची बेरीज मालक, त्याचा गट आणि बाकीचे अशा तिघांसाठी तीन आकड्यांत लिहायची. 'परमिशन डिनाइड' आलं की नवशिके सरळ ७७७ देऊन मोकळे होतात, म्हणजे घराची किल्ली अख्ख्या चाळीला. साध्या फाइलला ६४४ का पुरतं, हे त्याने तुम्हाला समजावून सांगावं. तुम्हाला कळलं तर त्याला कळलंय.

मशीन मोडलं की लगेच फॉरमॅट मारायचा नाही. आधी लॉग वाचायचा, काय बिघडलं, कसं सापडलं ते वहीत लिहायचं. ती वही त्याने मुलाखतीला न्यावी.

सहा-आठ महिन्यांनी गोडी टिकलीच, तर पैसे क्लासऐवजी आरएचसीएसए, म्हणजे रेड हॅट कंपनीच्या लिनक्स अ‍ॅडमिन परीक्षेला लावा. तिथे पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर कामं करून दाखवायची असतात. आणि केलेले बदल रीबूटनंतरही टिकावे लागतात. सर्व्हिस सुरू केली पण 'एनेबल' (मशीन चालू होताच आपोआप सुरू होईल अशी) करायची राहिली, की केलेलं काम पाण्यात.

एक गोष्ट क्लासवाले सांगणार नाहीत. सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा शिफ्टच्या असतात. ऐरोली, महापे भागात डेटा सेंटर आहेत. भांडुपहून मुलुंडमार्गे ऐरोली जवळ खरं, पण रात्रपाळी ती रात्रपाळीच. गणपतीतही ड्युटी लागते. मी स्वतः चार वर्षं केली आहे. झोपेचं खोबरं होतं. हे त्याच्याशी आजच बोला.

लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड बघा. बॅटरी गेलेली असली तरी चालेल, तो प्लगलाच लावून बसणार आहे. दुकानदारापुढे मात्र बॅटरीवरून भरपूर कुरकुर करा, किंमत उतरते.